दुरावलेल्या 'तू'स उद्देशून : 'साऊर' या अल्बममधील संबोधनाचा विचार

१

प्रेमभंगाचे गीत भाषाव्यवहाराच्या दृष्टीने मोठे विलक्षण असते. ते बहुधा 'तू' असे म्हणून कोणाला तरी उद्देशून रचलेले असते, आणि ज्याला उद्देशून रचलेले असते तो ते ऐकावयास समोर नसतो. तो समोर असता तर गीताचे प्रयोजनच उरले नसते. भांडण तरी झाले असते किंवा समेट तरी. उलट, जे ते गीत ऐकतात ते सर्वस्वी त्रयस्थ असतात. त्यांचा त्या प्रसंगाशी काडीचाही संबंध नसतो. तथापि ते गीत आपल्याच जीवनातील आहे असे त्यांना वाटते. हे कसे घडते, हा प्रश्न जसा साहित्यशास्त्राचा तसाच भाषाशास्त्राचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी येथे ऑलिव्हिया रॉड्रिगो या अमेरिकन गायिकेचा 'साऊर' हा पहिला अल्बम घेतला आहे. अशा विषयाची निवड काही अभ्यासकांस खटकण्याचा संभव आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमभंगाची लोकप्रिय गाणी विद्यापीठीय विवेचनाचा विषय व्हावीत काय, अशी शंका ते घेतील. या शंकेच्या मुळाशी एक जुना समज आहे. प्रौढांचे दुःख तेवढे दुःख व पौगंडावस्थेतील दुःख म्हणजे केवळ वयाचा विकार, असा तो समज होय. हा समज बरोबर की चूक याचा निर्णय मानसशास्त्राने करावा. भाषाशास्त्राला इतकेच विचारता येते की, हे दुःख सांगणारी भाषा कच्ची आहे की घडलेली आहे. ती घडलेली आहे, आणि तिची घडण मुख्यतः संबोधनाच्या रूपांतरातून झाली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम या अल्बमचा थोडक्यात परिचय करून देणे अवश्य आहे. रॉड्रिगो हिचा जन्म २००३ साली कॅलिफोर्नियात झाला. डिस्ने कंपनीच्या दूरचित्रवाणी मालिकांतील बालकलाकार म्हणून ती प्रथम प्रसिद्धीस आली. ८ जानेवारी २०२१ रोजी 'ड्रायव्हर्स लायसन्स' हे तिचे गीत प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' या यादीत ते पहिल्याच आठवड्यात अग्रस्थानी आले आणि एकूण आठ आठवडे तेथे राहिले. त्यानंतर २१ मे २०२१ रोजी गेफन या कंपनीने 'साऊर' प्रकाशित केला. त्या वेळी गायिकेचे वय अठरा वर्षांचे होते. अल्बममध्ये अकरा गीते असून त्यांचा एकूण अवधी सुमारे पस्तीस मिनिटांचा आहे. बहुतेक गीते तिने स्वतः, किंवा संगीतकार व निर्माता डॅन निग्रो याच्या साहाय्याने रचली आहेत. एप्रिल २०२२ मध्ये तिला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट पॉप गायन-अल्बमचे पारितोषिक हे त्यांपैकी एक होय.

'साऊर' या शब्दाचा कोशगत अर्थ 'आंबट' असा आहे. परंतु इंग्रजीत हा शब्द क्रियापद म्हणूनही चालतो, आणि दूध नासते त्याप्रमाणे संबंध 'साऊर' होतात. जे मुळातच आंबट होते ते नव्हे, तर जे एके काळी गोड होते व आता आंबले आहे, ते या शीर्षकात अभिप्रेत आहे. म्हणजेच शीर्षकातच एक भूतकाळ गृहीत धरलेला आहे.

३

आता मुख्य विषयाकडे वळू. 'मी' आणि 'तू' ही सर्वनामे इतर शब्दांहून वेगळी आहेत, हे एमिल बाँव्हनिस्त याने १९५६ साली व रोमान याकॉब्सन याने १९५७ साली विशद करून दाखविले. 'झाड' या शब्दाचा अर्थ कोणीही उच्चारला तरी तोच राहतो. 'तू' या शब्दाचा निर्देश मात्र प्रत्येक उच्चाराबरोबर पालटतो. 'तू' ही एक रिकामी जागा असून बोलणारा ती त्या त्या क्षणी भरतो. गीतात मात्र ही जागा गाणाऱ्याने भरली तरी ऐकणारा ती पुन्हा रिकामी करतो आणि आपल्या परीने भरतो. श्रोत्याला एकाच वेळी 'मी'च्या जागी उभे राहता येते आणि 'तू'च्या जागी आपल्या माहितीतील कोणास तरी उभे करता येते.

इंग्रजी भाषेत ही जागा विशेषच रिकामी आहे. 'यू' या सर्वनामास लिंग नाही, वचनभेद नाही आणि आदर-अनादराचा भेदही नाही. क्रियापदही कर्त्याचे लिंग सांगत नाही. मराठीचे तसे नाही. 'तू विसरलास' किंवा 'तू विसरलीस' यांपैकी एक म्हटल्यावाचून मराठी वक्त्याची सुटका नाही. 'मी रडले' म्हणताच गाणारी स्त्री आहे हे सिद्ध होते. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. 'तू मला फसवलेस' या भावे प्रयोगात 'तू'चे लिंग प्रकट होत नाही. 'तू निघून गेलास' या कर्तरि प्रयोगात ते लपविता येत नाही. म्हणजे मराठीत आरोप करताना लिंग झाकून ठेवता येते, पण निघून जाण्याचा उल्लेख करताना ते सांगावेच लागते. इंग्रजी गीतकारास हे बंधन नाही. 'साऊर'मध्येही, क्वचित् येणारे एखादे पुरुषवाचक संबोधन व नव्या मैत्रिणीचे उल्लेख सोडल्यास, 'यू' कोण आहे हे व्याकरण सांगत नाही.

'ड्रायव्हर्स लायसन्स' प्रसिद्ध होताच अमेरिकन वृत्तपत्रांत व समाजमाध्यमांत या 'यू'चा शोध सुरू झाला. हा मुलगा कोण, गीतात उल्लेखिलेली सोनेरी केसांची मुलगी कोण, याविषयी तर्कवितर्क झाले. मानवी कुतूहल म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु या शोधाने गीताचा अर्थ वाढत नाही, कमी मात्र होतो. ज्या क्षणी 'तू'ला नाव मिळते त्या क्षणी ती जागा बंद होते, आणि श्रोता गीताचा सहभागी न राहता दुसऱ्याच्या घरात डोकावणारा शेजारी होतो. यास्तव पुढील विवेचनात 'तू' ही व्यक्ती न मानता गीतातील एक स्थान मानले आहे.

४

अल्बमची सुरुवात मात्र 'तू'ने होत नाही. 'ब्रूटल' या पहिल्या गीतात प्रियकर नाहीच. सतरावे वर्ष हे आयुष्यातील सुवर्णकाळ असते असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयीची ती चीड आहे. आपल्याला मोटार दोन गाड्यांच्या मध्ये नीट उभीही करता येत नाही, अशी तक्रार तीत आहे. ही तक्रार विनोदी असली तरी अकारण नाही, कारण पुढे मोटार हेच दुःखाचे वाहन होणार आहे.

दुसऱ्या गीतापासून 'तू' अवतरतो, आणि तो आरोपी म्हणून. गीताचे नाव 'ट्रेटर'. यातील युक्तिवाद शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. संबंध तुटल्यावर दोन आठवड्यांत तो दुसऱ्या मुलीबरोबर हिंडू लागला आहे. संबंध चालू असताना त्याने नियमभंग केला काय? व्याख्येनुसार पाहता नाही, हे ती मान्य करते. इंग्रजीतील 'चीट' या शब्दास ठराविक अटी लागतात, आणि त्या येथे पुऱ्या होत नाहीत. तेव्हा तो शब्द सोडून ती 'ट्रेटर' हा शब्द उचलते. लॅटिनमधील 'स्वाधीन करणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला हा शब्द मुळात राजकीय आहे. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द 'फितूर' हा होय, आणि तोही बखरींच्या, किल्ल्यांच्या व वेढ्यांच्या भाषेतला आहे. फितूर होण्यासाठी नियम मोडावा लागत नाही. विश्वास मोडला की पुरे. नियमाच्या भाषेत न बसणारा अपराध सांगण्यासाठी ही मुलगी राज्यशास्त्राच्या भाषेकडे जाते. ही निवड कच्च्या भाषेची नव्हे.

अल्बममधील तीन शीर्षके कायद्याच्या व राज्याच्या क्षेत्रातील आहेत : द्रोही, परवाना व गुन्हा. त्यांपैकी मोटार चालविण्याचा परवाना हा सर्वांत अर्थपूर्ण आहे. कॅलिफोर्नियात वयाची सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर सशर्त परवाना मिळू शकतो. जेथे घरे दूरदूर पसरलेली आहेत अशा अमेरिकन उपनगरांत हा कागद म्हणजे पहिले स्वातंत्र्य. ज्या परवान्याविषयी दोघांनी मिळून मनोरथ केले होते तो परवाना तिला मिळाला आहे, आणि आता ती त्याच्या घरावरून एकटीच मोटार नेत आहे. मनोरथ सफल झाला, परंतु ज्याच्यासाठी केला तो राहिला नाही. गीताच्या आरंभी मोटारीतील सूचक घंटीचा आवाज ऐकू येतो आणि तोच पियानोच्या स्वरात मिळून जातो. पुढे लाल दिवे, थांबण्याच्या पाट्या, पांढऱ्या मोटारी आणि घरांपुढची अंगणे या सर्वांत तिला तोच दिसू लागतो. रस्त्यावरील चिन्हे सर्वांसाठी एकच अर्थ सांगतात. तशीच ती असावी लागतात. तिच्यासाठी मात्र त्यांना खाजगी अर्थ आला आहे. सार्वजनिक चिन्हांचे असे खाजगीकरण होणे, हेच विरहाचे भाषिक लक्षण म्हणता येईल.

'देजा व्हू' या पाचव्या गीतात संबोधनाची गुंतागुंत आणखी वाढते. तो नव्या मैत्रिणीबरोबर तेच करीत आहे जे त्याने हिच्याबरोबर केले होते : तेच आइसक्रीम, तीच जुनी मालिका, तेच बिली जोएलचे गाणे, जे हिनेच त्याला शिकविले होते. म्हणजे 'तू' आता स्वतः 'मी' झाला आहे, आणि तो दुसऱ्याच 'तू'शी तेच शब्द बोलत आहे. सर्वनामाची जागा कोणालाही भरता येते, हे वर पाहिले. प्रेमिकाला नेमके तेच सहन होत नाही. आपल्यासाठी उच्चारलेला 'तू' हा एकदाच वापरण्याचा शब्द होता अशी त्याची श्रद्धा असते, आणि भाषेचा नियम त्या श्रद्धेच्या उलट असतो.

या गीताच्या संदर्भात एक घटना नमूद करणे योग्य होईल. जुलै २०२१ मध्ये 'देजा व्हू'च्या रचनाकारांत टेलर स्विफ्ट, जॅक अँटोनॉफ व अ‍ॅनी क्लार्क यांची नावे समाविष्ट करण्यात आली. स्विफ्टच्या २०१९ मधील 'क्रूअल समर'शी असलेले साम्य हे त्याचे कारण. पुढील महिन्यात 'गुड फॉर यू'च्या बाबतीतही तसेच झाले, आणि पॅरामोर या वाद्यवृंदाचे हेली विल्यम्स व जॉश फॅरो यांची नावे त्यात आली. जे आपले वाटले ते पूर्वी कोणाचे तरी होते, हा 'देजा व्हू'चा विषय त्या गीताच्या स्वतःच्या इतिहासातही असा उमटला.

५

येथून पुढे अल्बममध्ये एक वळण येते. सहाव्या, आठव्या व अकराव्या गीतांत 'तू'ला उद्देशून केलेली उक्ती बाह्यतः एकाच प्रकारची, म्हणजे शुभेच्छेची आहे. या तीन शुभेच्छा एकापुढे एक ठेवल्या म्हणजे अल्बमची घडण स्पष्ट होते.

पहिली शुभेच्छा 'गुड फॉर यू' ही. तुझे छान चालले आहे, अभिनंदन, असे तीत म्हटले आहे. शुभेच्छा ही उक्ती यशस्वी होण्यास बोलणाऱ्याची भावना प्रामाणिक असावी लागते, ही अट जॉन सर्ल याने १९६९ साली मांडली. येथे ती अट उघडपणे मोडली आहे, आणि ती मोडली आहे हे कळावे अशीच योजना आहे. संगीत पंक-रॉकच्या वळणाचे, आवाज चिरकणारा, आणि शब्द मात्र अभिनंदनाचे. मराठीत आपण 'छान झालं हो तुझं!' म्हणतो तेव्हा हे काम 'हो' हा अव्यय करतो. इंग्रजीत ते स्वरावर व येथे वाद्यांवर सोपविले आहे. आपल्या काव्यशास्त्राच्या अभ्यासकांस हा प्रकार नवा नाही. अपकार करणाऱ्यास 'आपण फार उपकार केलेत' असे म्हणणाऱ्याचा श्लोक मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनीचे उदाहरण म्हणून दिला आहे. तेथे वाच्यार्थ पूर्णपणे टाकून दिल्यावाचून अर्थच लागत नाही. 'गुड फॉर यू'चे तंतोतंत तसेच आहे.

याच्या लगेच नंतरचे सातवे गीत 'इनफ फॉर यू' हे आहे. दोन्ही शीर्षकांत 'तुझ्यासाठी' हा अर्थ आहे. परंतु पहिल्यात 'फॉर' या शब्दाऐवजी ४ हा आकडा व 'यू' या सर्वनामाऐवजी नुसते ते अक्षर लिहिले आहे, तर दुसऱ्यात दोन्ही शब्द पूर्ण लिहिले आहेत. भ्रमणध्वनीवरील संदेशाची तुटक लिपी उपरोधासाठी, आणि पूर्ण लेखन कबुलीसाठी, अशी ही वाटणी दिसते. त्याच्या पसंतीसाठी आपण साजशृंगार कसा केला, त्याची पुस्तके कशी वाचली, हे तिने सातव्या गीतात सांगितले आहे. येथे राग ओसरला आहे.

दुसरी शुभेच्छा आठव्या गीतात, 'हॅपिअर'मध्ये येते. तू सुखी हो, परंतु माझ्याबरोबर होतास त्याहून अधिक सुखी होऊ नकोस, असा तिचा आशय आहे. येथे भावना खरी आहे, पण तिला मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा इंग्रजीच्या तुलनादर्शक प्रत्ययात साठविली आहे. तुलनेला नेहमी दुसरे पद लागते. कशाहून अधिक, हे सांगितलेले असो वा नसो, ते गृहीत असते. येथे ते दुसरे पद 'मी' आहे. उदार होण्याची इच्छा आणि उदार होता न येणे, हे दोन्ही एका प्रत्ययात मावले आहे. आपण स्वार्थी आहोत हेही ती या गीतात कबूल करते.

दहाव्या गीतात, 'फेव्हरिट क्राइम'मध्ये, आरोपाचे स्वरूपही पालटते. प्रेमाला गुन्ह्याचे रूपक देऊन ती स्वतःला त्या गुन्ह्यातील राजीखुशीची साथीदार म्हणते; रक्ताने माखलेले हात दोघांचेही आहेत. दुसऱ्या गीतात सर्व दोष 'तू'चा होता. दहाव्यात तो दोघांत वाटला गेला. 'मी' व 'तू' यांतून 'आपण' निष्पन्न झाले, परंतु ते प्रेमाचे नव्हे, अपराधाचे 'आपण' आहे.

तिसरी शुभेच्छा अल्बमच्या शेवटी येते. 'होप युअर ओके' या गीताच्या शीर्षकात पुन्हा तीच संदेशाची तुटक लिपी आहे; आणि या वेळी उपरोधाचा लेशही नाही. शिवाय 'तू'च बदलला आहे. प्रियकर येथे नाही. लहानपणी ओळखीचे असलेले काही जण आहेत. त्यांत एक मुलगा व एक मुलगी असून त्यांना घरच्यांकडून माया मिळाली नाही, आणि पुढे त्यांची गाठ पडली नाही. कडव्यांत त्यांच्याविषयी तृतीयपुरुषी बोलणे असून ध्रुपदात ते 'यू'वर येते. वर सांगितल्याप्रमाणे इंग्रजी 'यू' सर्वांना सारखाच लागू पडतो. त्यामुळे दहा गीते ज्या स्थानावर प्रियकर होता किंवा असू शकत होता, त्या स्थानावर हे दुर्लक्षित सोबती काहीही न सांगता येऊन बसतात. आणि या ध्रुपदात आठव्या गीताचा तोच शब्द, 'हॅपिअर', पुन्हा येतो. त्यांनी आज अधिक सुखी असावे, अशी इच्छा ती व्यक्त करते. कशाहून अधिक? माझ्याहून नव्हे, माझ्याबरोबर असतानापेक्षाही नव्हे. त्यांच्या स्वतःच्या पूर्वीच्या दिवसांहून. शब्द तोच, प्रत्यय तोच. तुलनेच्या दुसऱ्या पदातून 'मी' मात्र निघून गेला आहे.

६

या विवेचनास काही मर्यादा आहेत. गीत म्हणजे केवळ शब्द नव्हेत. स्वर, ताल व ध्वनिमुद्रणाची पद्धती यांचा विचार येथे प्रसंगोपात्तच झाला आहे. तसेच अल्बममधील प्रत्येक गीत या सूत्रात सारख्याच सहजतेने बसते असेही नाही. 'जेलसी, जेलसी' हे नववे गीत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणाऱ्या इतर मुलींशी स्वतःची तुलना करण्याविषयी आहे. प्रियकरास उद्देशून ते नाही. तथापि तेथेही तुलना हाच विषय असल्यामुळे आठव्या व अकराव्या गीतांमधील त्याचे स्थान अगदीच आगंतुक वाटत नाही.

आरंभी घेतलेल्या शंकेचे उत्तर आता देता येईल. या अल्बममध्ये दुःखाचे कारण लहान असेल. सोळाव्या वर्षीचा प्रेमभंग आयुष्यभर पुरत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे, आणि गाणाऱ्या मुलीलाही ते ठाऊक असावे. परंतु 'मी'पासून निघून आरोपी 'तू'पर्यंत, उपहासाच्या शुभेच्छेपासून अटीच्या शुभेच्छेपर्यंत, आणि शेवटी अटीवाचून दिलेल्या शुभेच्छेपर्यंत जो प्रवास येथे झाला आहे तो लहान नाही. पुष्कळ प्रौढांच्या हातून तो पुरा होत नाही. त्याच्या खुणा व्याकरणात शोधता येतात, आणि त्या एका सर्वनामात, एका प्रत्ययात व एका तुटक लेखनपद्धतीत सापडतात.

आपल्या भाषेतील भावगीतांचा याच दृष्टीने विचार होणे इष्ट आहे. जेथे क्रियापदच 'मी'चे व 'तू'चे लिंग उघड करते, तेथे श्रोता परक्याच्या जागी कसा उभा राहतो. पुरुष कवीने लिहिलेले 'मी रडले' पुरुष श्रोता आपलेसे कसे करतो. आणि कोणत्या प्रयोगांच्या आश्रयाने कवी ते लिंग झाकून ठेवतो, हे तपासण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे भरपूर असून ती रोज आपल्या कानांवर पडत असते.